कल्याणच्या पलीकडची बातमी

ठाणे जिल्ह्यात चळवळीत पडलेल्या माणसाला आज ना उद्या स्वतःच बातमीदार व्हावे लागते. मंत्रालय मुंबईत, उच्च न्यायालय मुंबईत, मोठ्या दैनिकांच्या आणि वाहिन्यांच्या कचेऱ्याही मुंबईत. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. पहाटे लाखो माणसे मुंबईकडे जातात आणि रात्री परततात. पत्रकार मात्र उलट्या दिशेने क्वचितच येतो. या मार्गावर जी आंदोलने झाली त्यांची नोंद बहुतेक वेळा ती करणाऱ्यांनीच ठेवली. ती नोंद ज्या गावांशी जोडलेली आहे ती गावे एका ओळीत पाहावीत, म्हणून मी ठाण्याहून टिटवाळ्याची धीमी लोकल धरली. जलद गाडी कळवा-मुंब्र्याला थांबत नाही, आणि या विषयात ती दोन्ही स्थानके वगळता येत नाहीत.

ठाण्याची पत्रकारिता मुंबईच्या सावलीत वाढली, तरी ती जुनी आहे. काशिनाथ विष्णू फडके यांनी 1866 मध्ये येथे ‘अरुणोदय’ साप्ताहिक सुरू केले. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या सुरुवातीच्या मराठी पत्रांत त्याची गणना होते. 1893 मध्ये वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. त्याच शहरात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्याचा इंग्रजांनी तुरुंग केला. सावकारी आणि इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 रोजी तेथे फाशी झाली. नाशिकच्या कलेक्टरच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी तेथेच फासावर चढवले. एका बाजूला वाचनाची संस्था आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग असे हे शहर आहे, आणि सार्वजनिक काम करणाऱ्याचा दोन्हींशी संबंध आलेला आहे.

लिहिण्याबद्दल अटक होणे हा इतिहासजमा प्रकार नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर शहरे बंद राहिली. त्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या एका तरुणीला आणि त्या मजकुराला पसंती देणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पालघरमध्ये अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जमावाने एका मुलीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची नासधूस केली. पुढे पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि गुन्हा मागे घेतला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या 66-अ कलमाचा तेथे वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. या खटल्याची प्रेरणा पालघरची ती अटकच होती.

कलम गेले, पण सवय गेली नाही. मे 2022 मध्ये शरद पवार यांच्यावरील आक्षेपार्ह पद्य फेसबुकवर टाकल्याबद्दल एका मराठी अभिनेत्रीला कळवा पोलीस ठाण्यातील गुन्ह्यात अटक झाली आणि तिला महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले. ते पद्य हीन अभिरुचीचे होते. तरीही पालघरच्या वेळी आवाज उठवणाऱ्या पुरोगाम्यांपैकी अनेक जण कळव्याच्या वेळी गप्प बसले, हे नोंदवणे भाग आहे. आपल्याला न पटणाऱ्या माणसाची अटकही चुकीची असू शकते, हे मान्य केल्याशिवाय अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मागणीला वजन येत नाही.

ठाण्यातल्या कार्यकर्त्याचा रोजचा संबंध अटकेशी नसतो. तो येतो प्रेसनोटशी. धरणे, उपोषण, सह्यांची मोहीम, शिष्टमंडळाचे निवेदन असा आंदोलनाचा ठरलेला क्रम असतो आणि प्रत्येक टप्प्याला एक प्रेसनोट जाते. ‘ठाणेवैभव’, ‘सन्मित्र’ यांसारखी स्थानिक दैनिके ती बहुधा छापतात. मोठ्या दैनिकांच्या ठाणे पुरवणीत ती आली तर चार ओळींत येते आणि मुख्य अंकात जवळजवळ येतच नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजे मिळते, त्याची खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर असते, आणि वाढदिवसाच्या जाहिराती नगरसेवक आणि बांधकाम व्यावसायिक देतात. ज्यांच्याविरुद्ध बातमी करायची त्यांच्याकडूनच जाहिरात आणायची, हा पेच वार्ताहराच्या नीतीचा नाही, धंद्याच्या रचनेचा आहे. ही रचना समजल्यावर मी वार्ताहरांवर रागावणे सोडले आणि पाठवायच्या मजकुरात कागदपत्रांच्या प्रती जोडू लागले. पुरावा हातात असला की वार्ताहरालाही संपादकाशी बोलायला बळ मिळते.

काही संस्थांनी बातमीची वाट पाहणेच सोडून दिले. ठाण्यातील समता विचार प्रसारक संस्था 1992 पासून वस्त्यांतील दहावी उत्तीर्ण मुलांचा एकलव्य पुरस्काराने गौरव करते. 2014 मध्ये नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने याच वस्त्यांतील मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला. मुलांनी आपल्या आयुष्यावर नाटिका लिहिल्या आणि स्वतः सादर केल्या. वृत्तपत्रात ज्यांचा उल्लेख गुन्हेवार्तेत होतो, त्यांनी आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगितली. मला हा माध्यमांवरचा सर्वांत उत्तम इलाज वाटतो.

लोकलने पुढे निघाले की कळव्यानंतर खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये मुंब्रा येते. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला 4 एप्रिल 2013 रोजी बेकायदा बांधलेली सात मजली इमारत कोसळून 74 माणसे मेली. त्यांत वरचा मजला बांधणारे मजूर आणि त्यांची मुले होती. त्या आठवड्यात देशभरच्या वाहिन्या तेथे उभ्या होत्या. बेकायदा इमारतींबद्दल तक्रारी त्याआधीही होत होत्या, पण तक्रारीला दृश्य नसते, ढिगाऱ्याला असते. रेल्वेचेही तेच. 2 जानेवारी 2015 रोजी गाड्यांच्या खोळंब्याने चिडलेले प्रवासी दिव्यात रुळांवर उतरले तेव्हा दगडफेक आणि जाळपोळीची चित्रे दिवसभर दिसली. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि काहींचा जीव गेला, तेव्हा पुन्हा कॅमेरे आले. मधल्या दहा वर्षांत प्रवासी संघटनांनी गर्दीबद्दल आणि वाढीव फेऱ्यांबद्दल दिलेली निवेदने कोणत्या फायलीत आहेत, हे त्या संघटनांनाच ठाऊक.

डोंबिवलीत मी उतरले, कारण नागरिकाने कागद आणि मोबाइल हाती घेऊन केलेल्या राजकारणाचे सर्वांत चांगले उदाहरण हे शहर आहे. स्थानकाच्या पूर्वेला औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या पोटातच निवासी विभाग आहे. रासायनिक कारखाने आणि घरे यांच्यात काही ठिकाणी केवळ एक रस्ता आहे. जानेवारी 2014 मध्ये येथे हिरव्या रंगाचा पाऊस पडला. फेब्रुवारी 2020 मध्ये एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला आणि त्याची छायाचित्रे इतकी पसरली की तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहणीला आले. रहिवासी उग्र वासाबद्दल वर्षानुवर्षे बोलत होते. वास छायाचित्रात येत नाही, रंग येतो.

रंगापेक्षा कागद टिकतो, हे मात्र डोंबिवलीने लवकर ओळखले. 26 मे 2016 रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट होऊन 12 जणांचा मृत्यू झाला आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. चौकशी समितीचा अहवाल लोकांसमोर येण्यासाठी माहिती अधिकाराखाली अर्ज करावा लागला. हा अर्ज दिसायला साधा असतो. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि राज्याच्या 2012 च्या नियमांनुसार एकच विषय, तोही 150 शब्दांत. प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघम येते. म्हणून अनुभवी अर्जदार ‘का’ विचारत नाहीत, ‘अमुक तारखेच्या पत्राची प्रमाणित प्रत द्यावी’ असे मागतात. उत्तर न आल्यास पहिले अपील, मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. तिथे वर्ष सहज जाते. अहवाल मिळूनही धोका टळला नाही. 23 मे 2024 रोजी त्याच वसाहतीत अमुदान कंपनीत स्फोट झाला आणि पुन्हा माणसे गेली. माहितीच्या अर्जाबरोबर याचिकेचाही मार्ग वापरला गेला. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल ‘वनशक्ती’ या पर्यावरण संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली होती. 2015 मध्ये न्यायाधिकरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर आणि स्थानिक संस्थांवर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसवली.

कागदाच्या लढाईत एक कठीण प्रश्नही येतो. बनावट परवानग्या दाखवून महारेरा या गृहनिर्माण नियामकाची नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातील 65 इमारतींविरुद्ध एका वास्तुविशारदाने जनहित याचिका केली. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. त्या घरांत कर्ज काढून आलेली हजारो माणसे राहत होती आणि तीही फसवली गेलेली होती. वाहिन्यांनी तक्रार करणारा विरुद्ध रहिवासी असा सामना रंगवला. बनावट शिक्के मारणारे आणि त्याकडे डोळेझाक करणारे त्या चित्रात कडेलाच राहिले. अशा वेळी फसवलेल्या कुटुंबांची बाजूही तितक्याच तपशिलाने लिहिणे ही कार्यकर्त्याची जबाबदारी ठरते.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे आहे, ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाहून जवळजवळ तीस वर्षांनी जुने. कल्याण-डोंबिवली महापालिका 1983 मध्ये झाली. तिची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि नंतर पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात महासभा नव्हती, म्हणून वार्ताहरांना सभागृहातील प्रश्नोत्तरे मिळत नव्हती, आणि नगरसेवकाला जाब विचारण्याचा नागरिकांचा मार्गही बंद होता. शहाडच्या पुढे आंबिवली आहे. जवळच्या मोहने येथील एनआरसी हा रेयॉनचा कारखाना 2009 मध्ये बंद पडला. कामगार आणि त्यांच्या कुटुंबांनी थकीत देण्यांसाठी त्यानंतर वर्षानुवर्षे आंदोलन चालवले. बंद कारखान्याची बातमी पहिल्या महिन्यात शिळी होते, कामगाराची थकबाकी मात्र दर महिन्याला ताजी असते.

टिटवाळा गणपतीसाठी प्रसिद्ध आहे, पण चळवळीच्या इतिहासातही त्याला जागा आहे. जानेवारी 1945 मध्ये येथे महाराष्ट्रातील किसान सभेची स्थापना परिषद भरली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी तयारीसाठी जिल्ह्यातील गावे पायी पालथी घातली होती. दूरच्या उंबरगाव तालुक्यातून काही वारली आदिवासी या परिषदेला आले. त्यांपैकी माह्या धांगडा यांनी व्यासपीठावरून वेठबिगारीची हकिगत सांगितली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको दोघेही जमीनदाराचे ‘लग्नगडी’ होत आणि पिढ्यान्‌पिढ्या राबत. सभेला आलेल्या शहरी कार्यकर्त्यांना हे आपल्याच जिल्ह्यात चालते याची पुरती कल्पना नव्हती. 23 मे 1945 रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. गवतकापणीच्या हंगामात 500 पौंड गवताला अडीच रुपये आणि दिवसाला किमान बारा आणे अशी मागणी होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात या चळवळीविरुद्ध बातमीचेच हत्यार वापरले गेले. गोदावरीबाई येणार आहेत, सर्वांनी जमावे, असा खोटा निरोप वारल्यांच्या पाड्यांवर पसरवला गेला आणि पोलिसांना मात्र आदिवासी हल्ल्यासाठी जमत असल्याचे सांगण्यात आले. तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याच्यासह आणखी चार जण ठार झाले. एका माणसावरचा विश्वास खोट्या निरोपासाठी वापरून जमाव उभा करणे आणि मग त्या जमावालाच गुन्हेगार ठरवणे, ही रीत मोबाइलच्या काळातली नाही हे टिटवाळ्याच्या वाटेवर स्पष्ट कळते. परुळेकर दांपत्याला पुढे जिल्ह्यातून हद्दपार केले गेले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 मध्ये आले आणि 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या लढ्याची कहाणी आज मराठी वाचकाला माहीत आहे ती मुख्यतः लढणाऱ्या बाईंनीच ती लिहिली म्हणून.

त्याच किसान सभेचा मोर्चा 6 मार्च 2018 रोजी नाशिकहून निघाला, तेव्हा पहिले काही दिवस मुख्य माध्यमांनी त्याकडे फारसे पाहिले नाही. कसारा घाट उतरून शहापूर, भिवंडी करत तो ठाण्यात आला आणि फोड आलेल्या, सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे हजारो मोबाइलवर फिरली. ठाणे-मुलुंडच्या रहिवाशांनी पाणी, खाऊ आणि चपला आणून दिल्या. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून मोर्चेकरी सोमय्या मैदानातून रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेले आणि 12 मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. वनहक्क कायद्याखालील दाव्यांचा निपटारा ही त्यातली मुख्य मागणी होती. ती पूर्ण न झाल्याने मार्च 2023 मध्ये पुन्हा मोर्चा निघाला. या वेळी तो मुंबईपर्यंत आला नाही. टिटवाळ्यापुढे दोन स्थानकांवर असलेल्या वासिंदला तो थांबला, तेथे एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला, आणि मागण्यांबाबतच्या निर्णयांची अंमलबजावणी सुरू झाल्याचे सरकारने कळवल्यावर 18 मार्चला तो मागे घेण्यात आला.