देव्हाऱ्यातला स्वार

धाकट्या पणजोबांविषयी आमच्या घरात एवढंच सांगितलं जाई : 'बसऱ्याला गेले, ते गेलेच.' लग्न झालेलं नव्हतं. फोटो नाही, कागद नाही.

गावच्या घराची वाटणी झाली तेव्हा देव्हाऱ्यातल्या टाकांमध्ये चांदीची एक जाड चकती निघाली. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावरचा स्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे. घोडा आणि स्वार म्हणजे खंडोबाच, या हिशेबाने तिची वर्षानुवर्षं पूजा होत आलेली. (स्वार उघडाबंब आहे, याकडे कुणी लक्ष दिलं नसावं.) हळद-कुंकवाचा थर टाचणीने खरवडला, तशी कडेवर ठोकलेली इंग्रजी अक्षरं वर आली : शिपाई नंबर, हुद्दा, नाव, '११७ मराठा'. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल होतं ते.

११७वी मराठा पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधली. जनरल टाऊनशेंडच्या हाताखाली ही डिव्हिजन बगदादच्या रोखाने निघाली, टेसिफोनला अडली आणि माघारी येऊन ७ डिसेंबर १९१५ पासून तैग्रिसकाठच्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली. घोड्याचं मांस खायला हिंदी शिपाई बरेच दिवस तयार नव्हते. धर्म आडवा आला. विमानांतून पोती टाकली गेली, धान्य दळायला जातीसुद्धा. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसं शरण गेली. त्यांना सोडवायला आलेल्या फौजेतच सुमारे २३,००० मेले किंवा जखमी झाले. कैद्यांच्या नशिबी वाळवंटातली पायपीट आणि रेल्वेच्या कामावरची वेठ आली.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत तो नंबर शोधला. नाव, पलटण, वडील, तालुका, जिल्हा सातारा : सगळं जुळलं. कबर नाही, नोंद बसऱ्याच्या स्मारकाची. हे स्मारक ४०,००० हून अधिक जणांचं. पण नावं कोरली ती गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. मेले ते एकाच युद्धात, तरी दगडावर पंक्तिभेद राहिलाच.

सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले' अशा संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवरही आकडेच. शिपायाचं नाव सापडतं ते मेडलच्या कडेवर, आणि असली चांदी सराफाकडे वजनावर मोडीत जाते. तुमच्या घरी अशी चकती असेल तर मोडायला देण्याआधी भिंग घेऊन तिची कड एकदा वाचा.