एश्बॉर्नच्या अंगणातला फड्या निवडुंग

इस्रायलहून नातलग आले आणि त्यांनी आमच्या अंगणात निवडुंग पाहिला की प्रश्न ठरलेला असतो : "हा बर्फात जगतो कसा?" एश्बॉर्न हे फ्रांकफुर्टला लागून, ताउनस डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आमचे गाव. हिवाळ्यात येथे पारा उणे दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. परंतु आम्हांला धास्ती असते ती जानेवारीची नव्हे, एप्रिलची.

कोकणात शेताच्या बांधावर जो फड्या निवडुंग असे, ज्याची बोंडे खाऊन लहानपणी आमची तोंडे लालभडक होत, तो आणि इस्रायलातला सब्रा हे एकाच कुळातले, आणि दोघेही मूळचे अमेरिकेचे. सब्रा मात्र उणे आठ-दहाच्या खाली तग धरत नाही. येथे तो कुंडीत, घरातच ठेवावा. बाहेर लावायचा तो त्याचा बुटका भाऊबंद, ओपन्शिया ह्युमिफ्युसा. हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, बर्फाला सरावलेला. याच कुळातला फ्रॅजिलिस तर थेट कॅनडापर्यंत आढळतो.

२०१६ साली सासूबाई अश्दोदहून आमच्याकडे कायमच्या राहावयास आल्या. रेवदंड्याकडे वाढलेल्या, निवडुंग दारात लावलेला त्यांना मुळीच रुचला नाही. त्याची जागा बांधावर, असे त्यांचे म्हणणे. पहिल्याच डिसेंबरात फडे सुरकुतले, जांभळट पडले आणि जमिनीवर आडवे झाले, तेव्हा "मेले एकदाचे, उपटून टाका," असे त्यांनी सांगून टाकले.

पण ती मरणकळा नव्हे. थंडीची चाहूल लागताच हे झाड आपल्या अंगातले पाणी कमी करते आणि उरलेला रस साखरेने दाट होतो. दाट रस लवकर गोठत नाही. बर्फ झालाच तर तो पेशींच्या बाहेर, मोकळ्या जागेत होतो आणि पेशी वाचतात. आमचा जन्म रुग्णशुश्रूषेत गेला. असा सुकलेला जीव दिसला की हात आपसूक सलाईनकडे वळतो! येथे मात्र हात आवरावा लागतो. सप्टेंबरपासून एक थेंब पाणी घालावयाचे नाही.

वाफा दक्षिणेकडील भिंतीलगत हातभर उंच करून घेतला आहे. त्यात निम्म्याहून अधिक बारीक खडी आणि भरड वाळू, माती थोडीच. येथील माती पाणी धरून ठेवते आणि ओल्या थंडीत मुळे कुजतात. नोव्हेंबर ते मार्च अर्ध्या वाफ्यावर पारदर्शक पत्रा असतो, बाजू उघड्या. वारा हवाच.

आता वसंताचे. येथला वसंत म्हणजे तापाच्या रोग्याचा तक्ता. २०२१च्या फेब्रुवारीत आमच्या उत्तरेकडील ग्योटिंगेन शहरी सात दिवसांत पारा उणे २३.८ वरून १८.१ वर गेला. उबेने झाड फसते, पाणी पिऊन फुगते, रस पातळ होतो आणि मागाहून रात्रीची गोठण आली की तेच फुगलेले अंग फुटते. म्हणून येथील जुने लोक 'बर्फाच्या संतां'चे दिवस, ११ ते १५ मे, पार पडल्याखेरीज टोमॅटोची रोपे बाहेर काढत नाहीत. शेवटच्या दिवसाचे नाव 'थंड सोफी'. ही बाई कोण, असे सासूबाई दर वर्षी विचारीत.

२०२४ साली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच पारा पंचविशीपार गेला. पत्रा तेव्हा अजून काढलेला नव्हता. उघड्यावरचे फडे मार्चचा पाऊस पिऊन टरारले होते. छपराखालचे अजून सुरकुतलेलेच. २२ तारखेला पेसाहची पहिली रात्र, आणि हवामानखात्याचा इशारा गोठणीचा. सासूबाईंना तेव्हा खुर्चीवरून उठवत नव्हते. खिडकीपाशी बसून, सूर्य मावळण्यापूर्वी आमच्याकडून त्यांनी सगळ्या वाफ्यावर जुन्या चादरी घालून घेतल्या. हगादा वाचतानाही त्यांचा एक डोळा अंगणाकडे! सकाळी जमिनीलगतचा तापमापक उणे चार दाखवीत होता. चादर असूनही उघड्यावरच्या दोन झाडांचे टवटवीत फडे पुढच्या चार दिवसांत काळे पडून ओघळले. छपराखालच्या मरतुकड्यांना ओरखडाही नव्हता.

त्यांनाच जूनमध्ये पिवळी फुले आली. एकेक फूल जेमतेम एक-दोन दिवसांचे. सासूबाई रोज मोजीत. एकंदर अकरा झाली. त्यांचा तो अखेरचा उन्हाळा.

आता त्याच झाडाचे फडे अश्दोदची भाचरे मागतात. तिकडच्या उन्हात याला लावण्यात काही अर्थ नाही, तुमचा सब्राच बरा. पण जर्मनी-इंग्लंडात कोणी असाल तर जरूर मागा. फडा कागदात धरून तोडावा, कारण काट्यांपेक्षा त्याची बारीक कुसळे वाईट. टोचलीच तर चिमट्याने, दिव्याखाली काढावीत. जखम सुकण्यासाठी दोन आठवडे सावलीत ठेवावा आणि थंड सोफी गेल्यावर खडीत टेकवून द्यावा.