हुमायूनचा बेडूक

गिरगावातील फणसवाडीत आज फणसांची बाग नाही आणि केळेवाडीत केळीचे बन नाही. मुगभाटात मूग पिकल्याला किती पिढ्या लोटल्या, कोण जाणे! पलीकडच्या धोबीतलावाचे पाणी तर एकोणिसाव्या शतकातच बुजविले गेले. नाव तेवढे मागे राहिले. बागा, शेते आणि तळी असलेल्या या गावात मृगाच्या पहिल्या सरीबरोबर बेडकांचा केवढा कल्लोळ उठत असेल! आता चाळीतील मुले पाऊस ओळखतात ते पन्हळीच्या आवाजावरून. बेडूक त्यांना भेटतो तो पुस्तकातील चित्रात, आणि चित्रातला बेडूक काही डरावत नाही.

या धोबीतलावावरील सेंट झेवियर कॉलेजात हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) यांचे शिक्षण झाले. ते पेशाने व्यापारी. परंतु त्यांचा जीव रमला तो पाखरांत. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते अनेक वर्षे मानद चिटणीस होते. सह्याद्रीत हिंडताना त्यांची दृष्टी पक्ष्यांबरोबर बेडकांवरही असे. १९५५ साली भादुरी व कृपलानी या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतील एका नव्या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला हुमायून यांचे नाव दिले.

हा बेडूक मुठीत मावेल एवढा, तपकिरी, सुरकुतलेल्या कातडीचा. दिवसा दडून राहावे आणि रात्री डोंगरातील ओढ्याकाठी साद घालावी, असा त्याचा क्रम. त्याची मादी अंडी पाण्यात घालीत नाही. ओढ्यावर झुकलेल्या पानावर किंवा खडकावर घालते. पिल्ले बाहेर पडली, की टपटप खालच्या पाण्यात पडतात. पाळणा नेमका पाण्यावर टांगण्याची ही युक्ती तिला कोणी शिकविली असेल?

त्या काळी कोकणात आणि देशभरच्या भातखाचरांत दुसरा एक मोठा बेडूक राहत असे, व आजही राहतो. पावसाळा लागताच त्याचा नर हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून ओरडतो. या ओरडण्यानेच त्याचा घात केला. परदेशांतील खवय्यांना त्याच्या तंगड्या आवडत. रात्री दिवे घेऊन माणसे शेतांत उतरत, बेडकांची पोती भरत आणि पुष्कळदा जिवंतपणीच त्यांचे पाय कापून घेत. १९८० च्या सुमारास दरसाल काही हजार टन तंगड्या देशाबाहेर जात होत्या. एका टनाला किती बेडूक लागत असतील, याचा विचारच न केलेला बरा.

वाघ मेला तर माणसे हळहळतात. बेडूक पाहून नाक मुरडतात. कोत्या मनाच्या माणसाला नाव ठेवायचे झाले, तरी आपल्या भाषेला कूपमंडूकच आठवतो. अशा प्राण्याची बाजू घेणे प्रतिष्ठेचे काम नव्हते. सत्तरी गाठलेल्या अब्दुलअलींनी ते केले. १९८५ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी या निर्यातीवर दीर्घ लेख लिहिला. बेडूक शेतातील किडे आणि खेकडे खातो. तो गेला, की कीड वाढते, आणि मग शेतकऱ्याला विषारी औषधे विकत आणावी लागतात. तंगड्या विकून मिळालेला पैसा औषधांच्या दुकानात रिता करणारा हा व्यापार होता. अनेकांच्या प्रयत्नांनी अखेर १९८७ साली केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली. चोरून बेडूक धरणारे त्यानंतरही निघालेच. पण पोत्यांचे उघडे बाजार उठले.

हुमायूनच्या बेडकाविषयी पुढे आणखी एक गोष्ट उजेडात आली. सह्याद्रीतील पावसात रात्री जागून दिल्लीचे सत्यभामा दास बिजू व त्यांचे सहकारी यांनी त्याचा अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. बेडकांत साद घालणे हे बहुधा नराचेच काम. परंतु या जातीची मादीही आवाज काढते, असे त्यांना आढळले. अब्दुलअली तोवर निवर्तले होते. आषाढात मात्र डोंगरातले ओढे भरून वाहू लागले, की हे दोन्ही आवाज तेथे ऐकू येतात.