दहा महिन्यांची प्रवासिनी

प्रवासानें मनुष्य शहाणा होतो, असें आपले विद्यार्थी दरवर्षीं निबंधाच्या वहींत लिहितात, आणि आम्ही शिक्षक त्याखालीं तांबड्या शाईनें 'बरोबर' अशी खूण करतों. परंतु खऱ्या प्रवासापूर्वीं जो एक प्रवास कागदावर, ट्रंकेंत आणि घरांतील माणसांच्या चर्चेंत होत असतो, त्यानें मनुष्य किती शहाणा होतो, हें सहसा कोणी लिहीत नाहीं. गतवर्षीं माघ महिन्यांत आम्ही आमच्या दहा महिन्यांच्या कन्येस घेऊन मुंबईस गेलों. त्या प्रवासाची तयारी हाच या लेखाचा विषय आहे. विद्यार्थ्यांस त्यांत हिशेबाचें एक उदाहरण सांपडेल, व त्यांच्या आईबापांस कदाचित् आपल्याच घरची गोष्ट सांपडेल.

आम्ही राहतों तें श्रीपूर गांव सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांत आहे. १९३४ सालीं चंद्रशेखर आगाशे यांनीं बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना केली. तिच्या साखर कारखान्याच्या आश्रयानें हें गांव वाढलें. आगगाडी गांवावरून जात नाहीं. मुंबईस जावयाचें तर एस.टी.नें कुर्डुवाडी गांठून तेथें रेल्वे धरावी, अथवा अकलूजहून एस.टी.नेंच सबंध वाट काटावी. एकट्या माणसानें पिशवी खांद्यास अडकविली कीं काम झालें. तान्हें मूल बरोबर असलें म्हणजे हीच वाट दुप्पट लांब होते.

तरीहि जाणें भाग होतें. माझ्या पत्नीची आजी लालबागेंतील एका चाळींत तिसऱ्या मजल्यावर राहत असे. तिचे यजमान गिरणींत होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला; त्यांत त्यांची नोकरी गेली, खोली मात्र राहिली. त्या एका खोलींत खानावळ चालवून आजीनें आईवेगळ्या नातीस लहानाचें मोठें केलें. आतां आजी नव्वदीला टेकली होती. तिला जिना उतरवत नसे, आणि फोनवर आम्ही पाठविलेल्या चित्रांत तिला नुसता उजेड दिसे. तिचा एकच निरोप पुनःपुन्हां येई : "लेकरू मांडीवर घेऊन बघायचंय. तेवढं झालं की मी मोकळी."

उलट पक्षीं आमच्या मातोश्रींचें म्हणणें असें : "अरे, मूल दोन वर्षांचं होऊ दे, मग खुशाल जा. तान्हं लेकरू घेऊन मुंबईच्या गर्दीत जायचं म्हणजे काय पोरखेळ आहे?" दोन्ही म्हाताऱ्यांचें बोलणें खरें होतें. एकीच्या वयाला थांबणें शक्य नव्हतें, तर दुसरीच्या काळजीला आधार होता. शिवाय घरांत पैसा बेताचा. भिशीचे पांच हजार रुपये हातीं येणार होते. त्यांतच सर्व बसवावयाचें होतें.

प्रथम आम्ही सरकारी दवाखान्यांतील डॉक्टरीणबाईंस विचारलें. नऊ महिने पुरे झाले कीं मुलास गोवर-रुबेलाची लस देतात. ती घेतल्यावर सात ते बारा दिवसांच्या दरम्यान कांहीं मुलांना किंचित् ताप येतो. म्हणून त्यांनीं लशीनंतर पंधरवडा जाऊं देण्यास सांगितलें. अंगावरचें दूध चालू ठेवावें, बाटली नेऊं नये, वाटी-चमचा न्यावा, पाणी उकळून निवविलेलेंच द्यावें, आणि जलसंजीवनीच्या पुड्या जवळ बाळगून वेळ पडल्यास पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यांत त्या विरघळवाव्या, एवढें त्यांनीं कागदावर लिहून दिलें. वर्ष पुरें होईपर्यंत मध चाटवूं नये, हेंहि सांगितलें. कारण पणजीच्या हातीं मधाचें बोट असणार, हें त्या जाणून होत्या. हा कागद मातोश्रींस वाचून दाखविल्यावर त्यांचा विरोध अर्ध्यावर आला.

उरलेला अर्धा हिशेबानें जिंकावयाचा होता. मीं एका कागदाचे तीन रकाने पाडले. पहिल्यावर 'बाळाचा' असें लिहिलें, दुसऱ्यावर 'मोठ्यांचा'. तिसऱ्याला काय नांव द्यावें हें मला सुचेना, तेव्हां सौ.नें पेन्सिल घेऊन 'मानाचा' असें लिहिलें. नवी बॅग, शेजारपाजारच्या खोल्यांतून वांटावयाचे पेढे, बाळाचे जरीचे कपडे, मुंबईच्या हॉटेलांतील एक जेवण, हें सारें त्या रकान्यांत पडलें. पहिल्या यादींत बाळाचे १,९००, मोठ्यांचे ४,३०० आणि मानाचे २,७०० असे मिळून ८,९०० रुपये झाले.

मग आम्ही एक नियम केला. ज्या खर्चानें बाळाची भूक, झोंप आणि ऊब सांभाळली जाते, तो कमी करावयाचा नाहीं. जो मोठ्यांच्या हाडांना सोसेल, तो कमी करावयाचा. आणि जो केवळ लोकांच्या डोळ्यांसाठीं होतो, त्यास प्रथम कात्री लावावयाची. या नियमानें मानाचा रकाना ३०० वर आला. त्यांत पणजीसाठीं गुळाची ढेप आणि ज्वारीचें पीठ एवढेंच राहिलें. मोठ्यांचा २,३०० झाला. बाळाचा मात्र १,९०० वरून २,४०० वर चढला. बेरीज बरोबर ५,००० झाली. काटकसर म्हणजे सर्वत्र सारखा हात आंखडणें नव्हे, एका ठिकाणचें काढून योग्य ठिकाणीं घालणें होय, हा धडा आम्हांस त्या कागदानें दिला.

बाळाचा रकाना कां वाढला, हें सांगतों. मुंबईची वाट काटण्याचे तीन मार्ग होते. सोलापूर-मुंबई वंदे भारत गाडी १० फेब्रुवारी २०२३ रोजीं सुरू झाली आहे. ती वेगाची खरी, पण तिचें भाडें आम्हांस पेलणारें नव्हतें, आणि खुर्चींत बसून सारा वेळ मूल मांडीवर घ्यावें लागलें असतें. एस.टी. सर्वांत स्वस्त, १७ मार्च २०२३ पासून तींत स्त्रियांना अर्धें भाडें पडतें. परंतु जातांना तिकडून काय वस्तू लागतील याचा अंदाज नव्हता, म्हणून सामान अधिक होतें. राहिली रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. रेल्वेंत स्वतंत्र जागा न घेतल्यास पांच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाहीं. २०२२ सालीं लखनौ मेलच्या एका डब्यांत आईच्या बाकाला जोडून तान्ह्या मुलाचें छोटें आसन प्रयोगादाखल बसविलें होतें. आमच्या गाडींत तशी सोय नव्हती. तेव्हां सौ.करितां खालचाच बाक मिळणें अवश्य होतें. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधीं खुलें होतें. आम्ही तो दिवस पंचांगावर खुणेनें मांडून ठेविला व त्याच सकाळीं तिकिटें काढलीं. माघाची थंडी आणि घाटाचा वारा ध्यानांत घेऊन साध्या शयनयानाऐवजीं तिसऱ्या वर्गाचा वातानुकूलित डबा घेतला. तेथें चादर व कांबळें मिळतें, म्हणून एक वळकटी कमी झाली. भाड्यांतील फरक बाळाच्या रकान्यांत पडला.

घाटाचें नांव निघालें म्हणून सांगतों. १८६० सालीं लोहमार्ग सोलापुरास पोंचला, तरी भोर घाटांतील मार्ग १८६३ सालीं खुला होईपर्यंत उतारूंना मध्येंच गाडी सोडून डोलींत, तट्टावर अथवा पायीं घाट उतरावा लागे. त्या काळींहि कोणी आई तान्हें मूल पदराखालीं घेऊन ती वाट उतरली असेलच. त्या मानानें आमचा प्रवास सुखाचा होता.

परंतु असा विचार करण्यास मला इतिहासाचें पुस्तक उघडण्याचें कारण नव्हतें. आमच्या घरामागील माळावर दर हंगामांत बीड जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊंसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहींत 'एक कोयता' म्हणतात. हंगामापूर्वीं उचल घेतलेली असते; दसरा-दिवाळीच्या सुमारास मुलेंबाळें, भांडीं व शेळी घेऊन हे लोक येतात, आणि पाडव्याच्या सुमारास परत फिरतात. त्यांतील एक बाई आमच्याकडे पाणी भरावयास येई. तिचें मूल आमच्या बाळाएवढेंच. सौ.नें तिला सहज विचारलें, "एवढ्या लांब लेकरू कसं आणलंत?" ती म्हणाली, "ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ताई. मुकादम रातच्याला म्हणाला, पहाटं निघायचं." मग आमच्या तयारीची हकीकत ऐकून ती हंसली नाहीं, कीं तिनें नांवहि ठेविलें नाहीं. उलट तिनें सांगितलें, "ताई, गाव बदललं तरी झोळी बदलू नका. लेकराला गाव कुठं कळतं? त्याला झोळीचा वास कळतो."

त्या रात्रीं कागद पुढें घेतला, पण माझी पेन्सिल चालेना. आम्ही आमच्या बाळासाठीं बारा दिवस खल केला होता. तिला एक रात्र मिळाली होती. आम्ही ऊब आणि खालचा बाक यांसाठीं पैसे वेगळे काढले होते. तिच्या बाळाच्या प्रवासाचा एकहि रकाना कोणीं पाडला नव्हता. आणि तरीहि आमच्या यादींतील सर्वांत उपयोगी वस्तू तिनेंच सांगितली, आणि तिला एक पैचाहि खर्च नव्हता. सौ.नें जुन्या लुगड्याची झोळी धुतल्यावांचून तशीच घडी करून पिशवींत सर्वांत वर ठेविली.

प्रवास ठरल्याप्रमाणें झाला. बाळ आईच्या आंतल्या बाजूस निजलें, बाहेरच्या बाजूस कांबळ्याची गुंडाळी लावली. पहाटे दादरला उतरलों, तेव्हां लोकलगाड्यांची मोठी गर्दी सुरू व्हावयाची होती. तेथून लालबागेपर्यंत टॅक्सी केली, तीहि बाळाच्याच रकान्यांतून. चाळींत पोंचल्यावर नव्या जागेंत, नव्या माणसांत बाळानें रडून चाळ डोक्यावर घेतली. मग खोलीच्या तुळईला झोळी बांधली. दोन झोके बसले न बसले तोंच तिचे डोळे मिटले. आजी खाटेवरून म्हणाली, "ही श्रीपूरची झोळी वाटतं!"

बाळ जागें झाल्यावर आम्ही तें आजीच्या मांडीवर दिलें. तिनें तोंड पाहण्याचा यत्न केला नाहीं. तिनें प्रथम तळपाय चाचपले, मग पोटऱ्या, मग कानांच्या पाळ्या, आणि नातीला म्हणाली, "कान तुझे आहेत." मधाचें बोट पुढें आलेंच होतें, डॉक्टरीणबाईंचा कागद वाचून दाखवितांच तें तिनें मुकाट्यानें स्वतःच्याच तोंडांत घातलें.

राहिलेल्या तीन दिवसांत दिवसाला एकच ठिकाण, तेंहि बाळाच्या दोन झोंपांच्या मधल्या वेळांत, असा नेम ठेविला. भायखळ्यास राणीचा बाग व त्याला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. हें संग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें. त्याच्या आवारांत घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. दोन्ही ठिकाणें बुधवारीं बंद असतात, हें आधीं पाहून ठेविलें होतें म्हणून खेप फुकट गेली नाहीं. बागेंत पेंग्विन पाहण्यास मोठी रांग होती. आमची कन्या मात्र पेंग्विनांकडे पाठ करून एका कावळ्याकडे पाहून टाळ्या पिटीत होती. कावळा श्रीपुरांतहि मिळाला असता, असें माझ्या मनांत आलें. पण तिची यात्रा तिची होती.

परत येतांना सामान हलकें झालें होतें, म्हणून एस.टी.नें आलों, सौ.चें तिकीट अर्धें व बाळाचें मुळींच नाहीं. एस.टी.च्या पुष्कळ स्थानकांवर मुलास पाजण्याकरितां हिरकणी कक्ष केलेले आहेत. गडाचे दरवाजे मिटल्यावर घरच्या तान्ह्यासाठीं रायगडाचा कडा उतरणाऱ्या गवळणीची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिचें नांव ज्या खोलीला दिलें, ती प्रत्येक ठिकाणीं उघडी व स्वच्छ असावी, एवढी इच्छा करण्यास हरकत नाहीं. घरीं आल्यावर हिशेब केला : ४,७६० रुपये खर्च झाले होते.

त्यानंतरच्या पावसाळ्यांत आजी निवर्तली. मातोश्रींनीं त्या दिवशीं मला जवळ बोलावून इतकेंच म्हटलें, "गेलात ते बरं झालं." आमच्या पांच हजारांचा याहून मोठा जमाखर्च मला मांडतां येणार नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकीं पुष्कळांच्या घरीं लहान भावंड असेल, आणि केव्हां ना केव्हां त्याला घेऊन कोठें तरी लांब जाण्याचा प्रसंग येईल. तेव्हां घरांतील यादी तुम्हीच करा. तीन रकाने पाडा, आणि तिसरा रकाना किती लहान करतां येतो तें पाहा. गणिताच्या तासांत न शिकलेली वजाबाकी तुम्ही तेथें शिकाल. आणखी एक मागणें आहे. हंगाम सुरू झाला म्हणजे अकलूज-पंढरपूरच्या एस.टी.त कांखेंत मूल व डोक्यावर गांठोडें घेतलेली एखादी बाई चढेल. तिला कोणी साठ दिवस आधीं जागा राखून ठेविलेली नसते. तुम्ही बसलेले असाल, तर उठून ती जागा तिला द्या, आणि जमल्यास गांठोडेंहि हातीं घ्या.