आरोपीचा पिंजरा

मराठीत काही शब्द असे आहेत की, नित्याच्या वापरामुळे त्यांची धार आपल्या बोटाला लागत नाही. 'पिंजरा' हा त्यांपैकीच एक होय. पोपट पिंजऱ्यात असतो, सर्कशीतला वाघ पिंजऱ्यात असतो, उंदीरही पिंजऱ्यातच सापडतो. आणि ज्याच्यावर खटला भरला आहे असा मनुष्य न्यायमंदिरात पाऊल टाकतो, तोही आमच्या भाषेप्रमाणे पिंजऱ्यातच उभा राहतो. वर्तमानपत्रकर्त्यांना तर हा शब्द इतका प्रिय आहे की, शहरातील रस्त्यांत खड्डे पडले तरी ते नगराध्यक्षांस तत्काळ 'आरोपीच्या पिंजऱ्यात' उभे करून मोकळे होतात. वस्तुतः आपल्याकडील बहुतेक न्यायालयांत हा पिंजरा म्हणजे एक लाकडी कठडा असतो. हिंदी भाषिकांनी त्याला कठघरा, म्हणजे लाकडाचे घर, असे त्यामानाने सौम्य नाव दिले. आम्हां मराठी लोकांनाच तेथे गज दिसले. परंतु आमची दृष्टी अगदीच चुकली असे मात्र म्हणवत नाही. इंग्रजीतील 'डॉक' हा शब्द ज्या फ्लेमिश शब्दावरून आला असे कोशकार मानतात, त्याचा अर्थ कोंबड्यांचे किंवा सशांचे खुराडे असा आहे. ज्या कोणी 'डॉक'चे मराठीत 'पिंजरा' केले, त्यास ही व्युत्पत्ती ठाऊक होती की नाही देव जाणे. पण त्याचे भाषांतर मूळ शब्दाशी इमान राखून आहे खास.

आरोपीने न्यायालयात कोठे बसावे, हा प्रश्न कित्येकांस सुताराचा वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. दोष शाबीत होईपर्यंत मनुष्यास निर्दोष समजावे, असे आपण म्हणतो. पण समजावयाचे ते कोणी, आणि कशावरून? न्यायाधीश विद्वान असले तरी त्यांनाही डोळे आहेत. साक्षीदारांना आहेत, मागे बसलेल्या लोकांना आहेत. पहिला पुरावा पुढे येण्याच्या आधीच ते डोळे एका माणसास गजांआड पाहतात. शिवाय दुसरीही एक गोष्ट आहे व ती आमच्या मते अधिक महत्त्वाची आहे. खटला ज्याच्या जिवावर चालला आहे, त्यास तो ऐकू येतो काय? आणि काही ऐकून त्याच्या मनात आले, तर ते तो आपल्या वकिलाच्या कानी घालू शकतो काय?

इ. स. १६७० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात विल्यम पेन व विल्यम मीड या दोन क्वेकर पंथीयांवर बेकायदा जमाव केल्याचा खटला झाला. त्यांच्या प्रार्थनामंदिराचे दार सरकारने बंद केले होते, म्हणून पेनने रस्त्यावर उभे राहून प्रवचन केले, एवढाच काय तो अपराध. पेन न्यायाधीशांस उलट प्रश्न विचारू लागला : माझ्यावरचा आरोप कोणत्या कायद्याखाली आहे तो दाखवा. या प्रश्नास उत्तर न सुचल्यामुळे असेल, त्यास दालनाच्या कोपऱ्यातील 'बेल-डॉक' नावाच्या आडोशात कोंडण्यात आले, आणि तो तेथे असताना ज्यूरीस खटल्याचे सार सांगावयास प्रारंभ झाला. तेव्हा त्या आडोशातून पेन ओरडला, की आरोपींच्या पाठीमागे ज्यूरीस उपदेश चालला आहे आणि हे कायद्याविरुद्ध आहे. पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. बारा पंचांनी पेनला दोषी ठरविण्याचे नाकारले. त्यांस दोन रात्री अन्नपाण्यावाचून, शेकोटीवाचून कोंडून ठेवले. तरी ते बधले नाहीत, तेव्हा त्यांनाच दंड झाला, आणि अखेर त्यांपैकी बुशेल याच्या अर्जावरून मुख्य न्यायाधीश वॉन यांनी ठरविले की, निर्णयासाठी ज्यूरीस शिक्षा करता येत नाही. इतिहासकार बुशेलचे गुणगान करतात व ते योग्यच आहे. आमचे मन मात्र त्या कोपऱ्यातील आडोशापाशी रेंगाळते. पेन विद्वान होता, त्याचा आवाज खणखणीत होता व ओरडावयास तो भीत नव्हता. तेवढा आवाज सर्वांपाशी कोठून असणार?

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी साक्ष देण्यासाठी आम्हांस जावे लागले. आमच्या साक्षीत विशेष काही नव्हते. एका कागदावरील सही ओळखावयाची होती. आमचा पुकारा होईपर्यंत दुसऱ्याच एका खटल्याचे काम चालले होते. आरोपी पन्नाशीचा शेतमजूर दिसत होता. तो दालनाच्या मागच्या अंगास कठड्यात उभा, शेजारी शिपाई; आणि त्यास सरकारी खर्चाने मिळालेले वकील पुढे न्यायाधीशांसमोर, अर्थात आरोपीकडे पाठ करून. मध्ये बाके, कपाटे, अशिलांची ये-जा, डोक्यावर करकरणारा पंखा. साक्षीदार हळू बोलत होता. आम्ही आरोपीपेक्षा जवळ बसलो होतो, तरी आम्हांस तीन वाक्यांपैकी एक ऐकू येई. बोलता बोलता साक्षीदाराच्या तोंडून बाजाराच्या दिवसाचा उल्लेख आला आणि कठड्यातील मनुष्याने एकाएकी हात वर केला. शाळेतील मुलगा करतो तसा, अर्धा. शिपायाने तो हलकेच खाली दाबला. त्यात दुष्टपणा नव्हता. देवळात बोलणाऱ्या पोरास वडीलधारा गप्प करतो, तितक्याच सहजपणे त्याने ते केले. वकिलांनी मागे पाहिले नाही, कारण पाठीला डोळे नसतात. उलटतपासणी चार प्रश्नांत संपली.

त्या मनुष्यास काय सांगावयाचे होते? कदाचित काहीच महत्त्वाचे नसेल. कदाचित त्या दिवशी बाजार भरलाच नव्हता, असे असेल. वकील त्याच्या शेजारी बसले असते तर तो त्यांच्या कानाशी लागला असता, आणि मग ते महत्त्वाचे होते की नव्हते हे ठरले असते. थोड्या वेळाने आम्हीही पिंजऱ्यातच उभे राहिलो, कारण मराठीत साक्षीदारासही पिंजराच असतो. पण आमचा पिंजरा न्यायाधीशांच्या अगदी जवळ होता व आम्ही पुटपुटलो तेही लिहून घेतले गेले.

अमेरिकेतील न्यायालयांत आरोपी सामान्यतः वकिलाच्या शेजारी, त्याच टेबलाशी बसतो. तेथे सर्व काही गोड आहे असे नव्हे. १९६९ साली शिकागोच्या खटल्यात बॉबी सील या आरोपीस न्यायाधीशांच्या हुकमाने खुर्चीस बांधून त्याच्या तोंडात बोळा कोंबण्यात आला होता. तथापि त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरविले की, तशी खास गरज असल्यावाचून शिक्षेचा विचार चालू असतानासुद्धा ज्यूरीस दिसतील अशा बेड्या आरोपीस घालू नयेत. इंग्लंडात 'जस्टिस' या कायदेपंडितांच्या संस्थेने २०१५ साली, हा डॉकच काढून टाकावा अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. २०२० साली ज्युलियन असांज यांच्या हस्तांतरणाची सुनावणी लंडनमध्ये झाली, तेव्हा आपल्याला काचेच्या डॉकमधून काढून वकिलांशेजारी बसू द्यावे अशी त्यांची मागणी होती. प्रतिपक्षाच्या वकिलांनीही त्यास हरकत घेतली नाही; न्यायाधीशांनी मात्र ती नाकारली.

काचेचा विषय निघाला म्हणून सांगतो. पिंजरा बहुधा आरोपीच्या भल्याचे नाव घेऊन येतो. १९६१ साली जेरुसलेम येथे आइकमन यास गोळी न लागणाऱ्या काचेच्या खोक्यात बसविले, ते त्याचा खटला पुरा होईपर्यंत त्यास कोणी मारू नये म्हणून. १९९२ साली रशियात रस्तोव येथे अनेक खुनांच्या एका आरोपीस लोखंडी पिंजऱ्यात ठेवले, तेही मृतांच्या आप्तांपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणूनच. असा पिंजरा एका राक्षसासाठी येतो, आणि राक्षस गेला तरी पिंजरा राहतो. रशियात लवकरच कोठडीतून येणारा प्रत्येक फौजदारी आरोपी, मग तो चोर असो की कर बुडविणारा, गजांआड बसू लागला. खोदोर्कोव्हस्की हा तेलसम्राट २००४ साली आपल्या पहिल्या खटल्यात लोखंडी पिंजऱ्यात होता. दुसऱ्या खटल्यात काचेच्या खोलीत. या खोलीस रशियन लोक 'मत्स्यालय' म्हणतात. स्ट्रासबूर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १७ जुलै २०१४ रोजी निर्णय दिला की, लोखंडी पिंजरा ही मनुष्याची विटंबना आहे व कोणत्याही परिस्थितीत तिचे समर्थन होऊ शकत नाही. दोन वर्षांनी, दाटीवाटीच्या काचेच्या खोलीमुळे वकिलाशी बोलणे अशक्य होते, म्हणून तेथेही त्या न्यायालयाने दोष दिला. २०२२ साली रशिया त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर पडला. कैरोमध्ये याहून पुढचे पाऊल पडले. पदच्युत अध्यक्ष मोर्सी यांस २०१४ साली आवाज बाहेर न येणाऱ्या काचेच्या पिंजऱ्यात आणले गेले. त्यांचा आवाज बाहेर सोडावयाचा की नाही हे न्यायाधीशांच्या हातातील कळीवर अवलंबून असे. १७ जून २०१९ रोजी खटला चालू असताना तशाच पिंजऱ्यात ते कोसळले व मरण पावले. त्यांच्या राजकारणाविषयी वाचकांचे मत काहीही असो, पेनच्या आरोळीस उत्तर द्यावयास साडेतीनशे वर्षे लागली व ते कैरोच्या एका कारागिराने काच बसवून दिले, असे म्हणावे लागते.

सुरक्षिततेचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. नागपूरच्या न्यायालयात १३ ऑगस्ट २००४ रोजी जमिनासाठी आणलेल्या एका गुंडास, ज्याच्या अत्याचारांनी एक वस्ती वर्षानुवर्षे गांजली होती, त्याच वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने दिवसाढवळ्या ठार केले. दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात २४ सप्टेंबर २०२१ रोजी वकिलांच्या वेषात आलेल्या मारेकऱ्यांनी न्यायाधीशांदेखत एका आरोपीस गोळ्या घातल्या. परंतु या दोन्ही ठिकाणी उणीव होती ती दारावरच्या पहाऱ्याची. ज्या पोलिसांनी वस्तीचे गाऱ्हाणे वेळेवर ऐकले नाही, त्यांची कसर न्यायालयातील गजांनी कशी भरून निघणार?

बेड्या न्यायालयात आल्या म्हणजे काय होते, याचा आमच्या देशाचा स्वतःचा अनुभव आहे. १९३० साली लाहोर कटाच्या खटल्यासाठी व्हाइसरॉयांनी खास वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचे न्यायाधिकरण नेमले. आरोपी हजर नसले तरी काम पुढे चालविण्याची मुभा दिली, आणि त्याच्या निकालावर अपील ठेवले नाही. भगतसिंग, सुखदेव, खेडचे आमचे राजगुरू व त्यांचे सहकारी त्यात आरोपी होते. १२ मे रोजी घोषणा व गाण्यांवरून गडबड झाली, हातकड्यांचा व आरोपींस तुरुंगात परत नेण्याचा हुकूम झाला, आणि न्यायासनासमोरच पोलिसांनी त्या तरुणांस मारहाण केली. तिघांपैकी न्यायमूर्ती आगा हैदर यांनी लेखी नमूद केले की, आरोपींस नेण्याच्या हुकमात आपण सामील नव्हतो व त्यापायी त्या दिवशी जे घडले त्याशी आपला संबंध नाही. पुढे न्यायाधिकरणाची फेररचना झाली, तीत आगा हैदर नव्हते. आरोपींनी येण्याचे सोडले. काम त्यांच्यावाचून चालले. ७ ऑक्टोबरला फाशीचा निकाल झाला. राजगुरूंच्या स्मारकाला फुले वाहताना आपल्याला त्यांचे धैर्य आठवते. आगा हैदर यांचे ते टिपण मात्र फारसे कोणास आठवत नाही.

स्वराज्यात घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, हातकडी ही सकृद्दर्शनीच अमानुष असून, पळून जाण्यास अटकाव करण्याचा दुसरा उपायच नसेल तर व कारणे नमूद करूनच ती घालावी, असे बजावले. खटला चालू असता आरोपीस बसू द्यावे, एवढ्या साध्या गोष्टीसाठीही १९८२ साली सर्वोच्च न्यायालयास बोलावे लागले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत मात्र ठराविक गुन्ह्यांच्या बाबतीत, अटक करताना व न्यायालयापुढे आणताना हातकडी घालण्याची स्पष्ट मुभा पोलिसांस आहे. आणि फरारी घोषित झालेल्यावर त्याच्या गैरहजेरीत खटला चालविण्याचीही सोय आहे. फरारी मनुष्याने न्याय अडवून धरू नये हे आम्हांस पटते. तरी हे कलम वाचताना लाहोरची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

२०२२ साल अखेर आपल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती व त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांत तीन असे की, ज्यांचा दोष अद्याप ठरावयाचा होता. त्यांपैकी पुष्कळांस आता कोठडीची मुदत वाढविण्यासाठी न्यायालयात आणतही नाहीत. तुरुंगातील एका खोलीत यंत्रासमोर बसवितात आणि त्यांचा चेहरा न्यायाधीशांपुढील पडद्यावर उमटतो. गाडीचा खर्च वाचतो, वाटेतील धोका टळतो, हे खरे. परंतु त्या पडद्यातील मनुष्याने हात अर्धा वर केला तर तो चौकटीत दिसतो काय, त्याच्या शेजारी त्या वेळी कोण उभे असते, आणि त्याचा वकील या बाजूस बसलेला असता तो त्याच्याशी खाजगी असे काय बोलू शकतो? आपल्याकडील न्यायालये लोकांस खुली असतात, व सकाळी अकराच्या सुमारास मागच्या बाकावर जाऊन बसावयास कोणाची परवानगी लागत नाही. वाचकांपैकी कोणास सवड झाली, तर एक दिवस तेथे जावे आणि आवाज बंद करण्याची ती कळ कोणाच्या बोटाखाली असते, ते पाहून आम्हांस कळवावे.