लेथवरील तेल आणि बोटांची कातडी

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणारे आमच्या धर्मग्रामातील काही तरुण आहेत. त्यांतील एकाची बोटे कुलंटने फुटलेली आम्ही पाहिली. ते कमी वापरले तर? मालक म्हणतात, टूल जळेल. म्हणणे निराधार नव्हे. १८८३ साली अमेरिकेत टेलरसाहेबांनी पाण्याचा मोठा झोत सोडून कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढविला होता.

हल्ली असा प्रयोग आधी संगणकावर करून पाहतात. अडचण आहे ती घर्षणाची. टूलच्या टोकाशी नुकताच सोललेला, तापलेला धातू दाबाने चिकटून बसतो. तेथे तेल फारसे शिरतच नाही. जरा मागे कीस घसरू लागतो, तेलाचा उपयोग तेथे. (जमिनीवरून पेटी ओढावी, इतके हे सोपे नाही.) दोन्ही जागांना एकच आकडा दिला, की संगणक सुबक पण चुकीचे उत्तर देतो. म्हणून प्रत्यक्ष कापताना लागणारा जोर मोजून गणित ताडून पाहावे लागते. तसे ताडलेले गणितच किती कुलंट पुरे, हे मालकांना पटवू शकेल.

तोवर त्या मुलाने पाळी संपताच हात साबणाने धुवावेत, यंत्राजवळच्या चिंधीने पुसू नयेत, कारण तिच्यात धातूचे कण असतात, एवढे आम्ही त्याच्या आईला सांगून आलो.