मागचा अर्धा भाग

श्रावणातल्या दमट दुपारी कपाटातलं एक जुनं पेपरबॅक उघडलं आणि त्याच्या कण्यातून कडकन आवाज आला. आतला गोंद काचेसारखा ठिसूळ झालेला. पानांचा गठ्ठा दुभंगून दोन हातांत आला. जुनी पुस्तकं जमवणाऱ्या माणसाला नको असलेला हा आवाज. मला मात्र तो ऐकला की मामा दिसतो.

मामा जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. साइन ऑफ होऊन रत्नागिरीला आला की त्याच्या पेटीतून इंग्रजी विज्ञानकथांची पेपरबॅक्स निघायची, सिगारेटचा आणि खाऱ्या हवेचा वास मुरलेली. एकदा त्याने येता येता कुठल्याशा बंदरात घेतलेला संग्रह मी त्याच्या आधी पळवला. सुट्टी संपली तरी माझा तो वाचून होईना. निघायच्या आदल्या रात्री त्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मधोमध उघडून गुडघ्यावर दाबलं आणि सरळ दोन तुकडे केले. “बायो, पुढचं तुला, मागचं मला.” पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारं आमचं घर. आई त्याच्याशी जेवेपर्यंत बोलली नाही.

ते होतं ‘स्टार सायन्स फिक्शन स्टोरीज’. फ्रेडरिक पोलने बॅलन्टाइन प्रकाशनासाठी १९५३ साली संपादित केलेलं. तेव्हाचे बहुतेक संग्रह मासिकांत येऊन गेलेल्या कथांचे असत; पोलने लेखकांकडून नव्याकोऱ्या कथा मागवल्या. आमच्या प्रतीला मुखपृष्ठ नव्हतं. अमेरिकेत न खपलेल्या पेपरबॅकचं नुसतं मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडे परत पाठवलं की विक्रेत्याला पैसे मिळत. उरलेलं पुस्तक रद्दीत जायला हवं, पण ते गुपचूप स्वस्तात विकलं जाई. आमचं तसलंच असावं. पुढे चित्रकार रिचर्ड पॉवर्सची या पुस्तकांवरची मुखपृष्ठं पाहिली, ते तरंगते, नाव नसलेले आकार, आणि कुणीतरी ते चित्र टरकावून पाकिटात घालून पाठवलं असेल या विचाराने मला आजही राग येतो.

माझ्या अर्ध्या भागात अनुक्रमणिका होती. म्हणजे माझ्याकडे नसलेल्या कथांची नावं आणि पानांचे आकडे मला पाठ होते. सगळ्यात शेवटी आर्थर क्लार्क, ‘देवाची नऊ अब्ज नावं’. ते नाव मी झोपताना म्हणायचे.

पुढच्या सुट्टीत मामा आला तो रिकाम्या हाताने; मागचा भाग जहाजावरच कुणाला तरी देऊन टाकलेला. मग त्याने ती कथा अंगणात खाटेवर पडून मला सांगितली. तिबेटी मठातले लामा, देवाची सगळी संभाव्य नावं छापायला त्यांनी मागवलेलं अमेरिकन यंत्र, काम संपत आल्यावर तट्टांवरून डोंगर उतरणारे दोन इंजिनिअर. पण मामाच्या गोष्टीत आणखी एक माणूस होता. दूर समुद्रात एका जहाजावरचा वायरलेसवाला. कानाला हेडफोन लावून बसलेला असताना त्याचं एकेक स्टेशन गप्प होत जातं. आधी एडन, मग कोलंबो, मग मुंबई. तो डेकवर येतो आणि वर बघतो.

फोर्टच्या फुटपाथवर मला अखंड प्रत मिळाली तेव्हा उभ्या उभ्या शेवटची कथा वाचली. त्यात वायरलेसवाला नाही. त्या कथेला २००४ मध्ये रेट्रो ह्यूगो पारितोषिक मिळालं, ती थोरच आहे. तरी मला ती दर वेळी एका माणसाने कमी वाटते.

कथासंग्रह खपत नाही, कादंबरी आणा, असं आपल्याकडचे प्रकाशक सांगतात तेव्हा मला फार लागतं. कादंबरी मधोमध फाडून बघा. कथासंग्रह फाटला तरी दोन्हीकडे धडधाकट गोष्टी उरतात. वॉचच्या दोन पाळ्यांमध्ये, लोकलच्या दोन स्टेशनांमध्ये वाचणाऱ्यांचं ते पुस्तक आहे. मराठीतली विज्ञानकथासुद्धा कथेच्याच अंगाने वाढली: १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ कथेला बक्षीस मिळालं, लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर. ‘यक्षांची देणगी’ची जुनी प्रत मी या इंग्रजी पुस्तकांच्याच रांगेत ठेवते.

क्लार्कबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात त्याने लिहिलं होतं की पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर तीन उपग्रह ठेवले तर जगभर संदेश पोचतील. तसे उपग्रह आले. फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर उपग्रहांची आणि आपोआप चालणाऱ्या रेडिओची संकटसंदेश यंत्रणा पूर्णपणे लागू झाली, मोर्स गेला आणि रेडिओ ऑफिसर हे पदच जहाजांवरून उतरलं. मामाची गोष्ट आणि मामाची नोकरी, दोन्हींच्या शेवटी एकच माणूस उभा होता.

हे मी त्याला सांगितलं. आता तो पुण्यात आमच्याजवळच राहतो. बराच वेळ हसला. मग म्हणाला, “तुझा तो पुढचा भाग आहे ना अजून? आण की. मी कुठे वाचलाय तो?”

त्याला बारीक टाइप दिसत नाही, म्हणून संध्याकाळी मी वाचते. सायमॅकची कथा झाली. सध्या विंडमची चालू आहे.